संडासाची तहान

आमच्या घरात वास येतो हे मला आधी विहीणबाईंच्या पदरानं सांगितलं. लातूरहून सकाळच्या बसनं माझ्या लेकीला घेऊन त्या नांदेडला आल्या, ओसरीवरून माजघरात पाऊल टाकलं आणि पदर नाकाला गेला. चहा प्यायला खाली आला, कप ठेवला की परत वर.

लेकीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण माहेर म्हणजे आई, आणि तिची आई गेल्या साली गेली. उरलो मी. म्हणून विहीणबाई घर बघायला आल्या होत्या. कंधारची माझी बहीण येऊन राहणार, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. बोलल्या ते निघताना, दारात.

"व्याही, राग मानू नका. बहीण येईल, डिंकाचे लाडू होतील, समदं होईल. पण ह्या वासात ओली बाळंतीण कशी ठेवायची? आम्ही लातुरातच करतो."

"कसला वास?" मी म्हणलो.

"घ्या! नाक काय गहाण ठेवलंय का?"

लेक खाली बघत होती. हळूच म्हणाली, "येतो खरं, आबा. लई येतो." तिचे डोळे भरले होते. तिला यायचं होतं. आईच्या घरात, आईच्या बाजेवर. मला दुसरं काही कळत नसेल, तेवढं कळलं.

त्यांची बस लागली तसा मी घरी येऊन कुत्र्यासारखा हुंगत फिरलो. काही कळेना. एकट्या माणसाचं नाक मरतं. मग गोदावरीच्या घाटापर्यंत चक्कर मारली, मोकळी हवा घेतली, परत येऊन दार उघडलं. तेव्हा बसली थप्पड. एवढ्या वासात मी रोज जेवत होतो!

फिनाईल ओतलं. डांबरगोळ्या टाकल्या. उदबत्त्या लावल्या. खाली उकिरडा आणि वर देऊळ, असं झालं. मग वाटलं, मागची सेफ्टी टाकी भरली असणार. उपसायची गाडी बोलावली. त्या गाडीनं अख्खी गल्ली घाण केली. शेजारीण गच्चीवरून ओरडली, "काका, तुमचा वास तुमच्यापुरता ठेवा की! इथं लेकरं जेवून राहिली."

टाकी रिकामी झाली. वास होता तिथंच.

आमच्याकडं दोन संडास. एक अंगणात, बैठा, तो मी वापरतो. दुसरा माजघराला लागून, कमोडचा. बायकोचे गुडघे गेले तेव्हा तिच्यासाठी बांधला होता. ती गेल्यावर मी त्याच्या पाण्याचा कॉक बंद केला आणि दाराला कडी घातली. कुणी विचारलं तर सांगायचो, फ्लशची टाकी गळती, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रातीत संपतं. ते खरंच होतं. आमच्याकडं नळ त्याच्या मर्जीनं येतो, गळकी टाकी परवडत नाही. पण आत कोपऱ्यात तिची काठी उभी होती. ती मला बघवत नव्हती, हे कुणाला सांगितलं नाही.

आता बाळंतिणीला बैठ्या संडासात कसं बसवायचं? टाके असले तर? कमोड चालू करणं भाग होतं. कडी काढली आणि वासानं लाथच घातली. उगम इथं होता. काठी होती तिथंच होती. बॅटरी लावून भांड्यात बघितलं. कोरडं ठणठणीत. एरवी पाणी असतं तिथं नुसती पिवळी रेघ.

बघता बघता तिचं बोलणं आठवलं. नळ आला की ती आधी घरातलं शिळं पाणी बादलीनं ओतायची. दोन्ही संडासांत, न्हाणीच्या जाळीत. वापरात असो नसो. मी ओरडायचो, "अगं, लोकाला प्यायला न्हाई आन तू भांड्यात ओततीस?" ती म्हणायची, "संडासालाबी तहान लागती. न्हाई पाजलं तर बोंबलतो तो."

मला वाटायचं, बडबड आहे. ती गेल्यावर शिळ्या पाण्याचा थेंबन् थेंब मी अंगणातल्या पपईला घातला. पाणी वाचवलं म्हणून छाती फुगवून फिरलो. आता बघितलं तर, भांड्याखालच्या नळीला वाक असतो, त्या वाकात पाणी साठून राहतं. तेच झाकण. झाकण वाळलं की खालचा सगळा वास सरळ माजघरात. वरून कॉकही मीच बंद केलेला. पपई मात्र लई गोड लागली त्या साली.

भरलेली बादली ओतली. दुसरी न्हाणीच्या जाळीत. दारं-खिडक्या उघड्या टाकून परत घाटावर जाऊन आलो, नाक ताजं करून. आत आलो तर नुसतं फिनाईल. ओसरीवर बसलो आणि एकटाच हसलो. बऱ्याच दिसांनी.

राहिली गळती. कॉक उघडला, टाकी भरली, तर गळतंय कुठून ते दिसेना. फळीवर निळीची बाटली होती. माझी धोतरं ती निळीत काढायची. ती गेल्यापासून धोतरं पिवळी पडली आणि बाटली तशीच राहिली. त्यातली थोडी फ्लशच्या टाकीत ओतली, चहा केला, पिऊन येऊन बघतो तर भांड्यात निळ्या धारा. म्हणजे टाकीच्या बुडाचं रबर. काढलं तर क्षारानं शिळ्या भाकरीसारखं कडक झालेलं. रुमालात बांधून बाजारात गेलो.

दुकानदार म्हणाला, "काका, ह्याचा जमाना गेला. पुरी टाकीच बदला."

"उद्या मलाबी बदलायला सांगशील. रबर दे."

हसला, आणि खोक्यातून शोधून दिलं. घरी येऊन बसवलं, तरी गळायचं थांबेना! साखळी ताणून बसली होती, रबर उचलून धरत होती. साखळी ढिली केली. परत नीळ. भांड्यातलं पाणी पांढरं ते पांढरंच.

मग काठी धुतली. आत ठेवावी का बाहेर काढावी, बराच वेळ हातात धरून उभा राहिलो. होती तिथंच ठेवली.

लेकीला फोन लावला. "माय, सासूला घेऊन ये. म्हणावं, नाक सोबत आणा."

विहीणबाई आल्या त्या सरळ कमोडच्या संडासात गेल्या. दार लावून घेतलं. मी आणि लेक माजघरात, परीक्षेला बसल्यासारखे. आतून फ्लशचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा पदर खांद्यावर होता.

"निळं पाणी कसलं हाय, व्याही?"

"धोतराची नीळ हाय. टाकी गळती का बघत होतो."

"मग धोतराला का न्हाई लावत?" म्हणाल्या आणि फिदीफिदी हसल्या. हसणं संपल्यावर ओसरीवरची लेकीची पिशवी त्यांनी स्वतः उचलली आणि आत, बाजेखाली सरकवली. "मी सांजच्या गाडीनं जाते. कंधारच्या बाईला लवकर बोलवा."

त्या गेल्यावर लेक संडासात जाऊन आली. "आबा, आईची काठी आतच ऱ्हायली."

"ऱ्हाऊ दे. उठताना धरत जा."

दिवा लावायच्या वक्ताला नळ आला. आधी दोन्ही संडासांना पाजलं. मग हंडा भरला.