इंजिनाच्या गळ्यातला हार

खंडेनवमीनंतर आमची जुनी गाडी उभ्या-उभ्या बंद पडू लागली. धावताना ठीक, चौकात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गप्प. मग बायकोनं उतरून ढकलायची; त्यासाठी तिनं सीटखाली जुने बूटच ठेवले होते. दिवाळीच्या आत नीट झाली नाही तर भंगारात, असं तिनं जाहीर केलं आणि तिच्या भावानं तत्परतेनं भंगारवाला ठरवूनही टाकला. गाडी आमच्या घरात बायकोच्या आधी आलेली आहे, हा मुद्दा मी मांडला नाही.

गल्लीत निदानं भरपूर झाली. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी आहे. समोरच्या मावशी म्हणाल्या, "दिष्ट लागलीय, लिंबू उतरवा." मेहुणा म्हणाला, "दाजी, माणसं जातेत, गाडीचं काय घेऊन बसलाव?" बॉनेट मात्र कुणीच उघडलं नाही.

चोक ओढला की इंजिन चालू राहतं, एवढं मला दिसलं. चोक हवा कमी करतो. म्हणजे कुठून तरी जादा हवा शिरत होती. कार्बोरेटरच्या बुडाशी काही रबरी नळ्या जोडलेल्या असतात. त्यांतली एखादी सैल झाली की इंजिन तिथून फुकटची हवा ओढतं. मी चोक थोडासाच ओढून, आचके खाणारं इंजिन चालू ठेवून एकेक नळी पकडीनं दाबत गेलो. मागची जाड नळी दाबली आणि आचके थांबले.

हात घातला, तर त्या नळीला झेंडूचा वाळका हार. पूजेच्या दिवशी मेहुण्यानं तो आत बांधला होता. पुढं बांधलेला हार लोकांसाठी असतो, देव मशिनीत असतो, असं त्याचं म्हणणं. गाठ एवढी भक्तीनं आवळली होती की नळी पलीकडच्या टोकाला अर्धी निसटून तोंडाशी चिरली होती. चिरलेलं टोक कापलं, नळी पुन्हा चढवली, क्लिप आवळली.

भंगारवाला आला तेव्हा गाडी दारात शांतपणे चालू होती.

"चालती गाडी तोडाया हात धजत न्हाय माजा," तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

मी मेहुण्याच्या हातात हार ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला. "बघा दाजी, देवानंच राखली!"

बायकोला एवढ्यावर पटणार नव्हतं. "येरमाळ्याच्या देवीपर्यंत न्या, मग बघू."

नेली. देवीचं दर्शन झालं, परत आलो, कुठंच उतरावं लागलं नाही. घरी आल्यावर तिनं सीटखालून गाडी ढकलायचे बूट काढले आणि आत नेले. टाकले नाहीत, धुऊन वाळत घातले.