किरणांचा कांदा आणि माझं बेणं

रिसोडच्या बाजारातल्या रऊफभाईंनी मला तीन पोती कांद्यात फसवलं. भाव करण्यात मी कोणाच्या बापाला ऐकत नाही, त्यामुळे हे सांगताना माझीच जीभ जड होते. पण सांगणारच!

माझ्या पोरीचं साक्षगंध होतं. जेवणावळीसाठी कांदा हवा होता. रऊफभाईंनी एकसारख्या, टणक कांद्याचं पोतं दाखवलं. त्यावर हिरवा शिक्का होता.

"किरणं मारलेला माल हाय, काका. कोंब येनार नाई. जबान देतो."

(कांदेवाल्यानं असं म्हणणं म्हणजे नवरदेवाच्या बापानं पोरगा सुपारीसुद्धा खात नाही म्हणणं! मी कानाआड केलं.) दोनदा रागानं निघालो, दोनदा त्यांनी परत बोलावलं, आणि शेवटी माझ्याच भावात माल उचलला.

घरी बायकोनं, कुमुदनं, पोत्याला हातही लावला नाही.

"किरनं मारलेलं अन्न व्याह्याले घालू? सोयरीक मोडन ना!"

"अवं, किरणं आरपार जातात. कांद्यात बसून राह्यत नाहीत. माह्या गुडघ्याचा एक्सरे काढला, मी काय अंधारात चमकून राह्यलो?"

"चमकून नाई, पण तापून तं राह्यले!"

मी तापलोच. गावच्या डॉक्टरांना ओट्यावर बसवून विचारलं. ते म्हणाले, "नियमानं किरणं दिलेला कांदा बेलाशक खा. फक्त त्याचा एक..."

"बस!" मी ओरडलो. "खा म्हणाले! ऐकलं का, कुमुद?"

साक्षगंधाला झुणका असा जमला की व्याह्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतला. मला राहवेना. भर पंगतीत उभा राहिलो.

"व्याही, हा किरणं मारलेला कांदा बरं! झालं का काही?"

व्याह्यांचा घास हातातच राहिला. विहीणबाईंनी पाण्याचा गडू तोंडाला लावला. तेवढ्यात कुमुद भाकरीची टोपली घेऊन धावत आली.

"खा हो तुमी! त्याईची पोती तशीच पडून हायत. म्या वावरातला बेण्याचा कांदा घातला!"

पंगत हसली, सोयरीक वाचली, मी मात्र मटकन बसलो. आमच्या रिठद गावात निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावून बी काढतात. वर्षाचं ते बेणं पाहुण्यांनी भाकरीसोबत संपवलं होतं!

रागाच्या भरात मी किरणांचा कांदाच सहा गुंठ्यांत लावला. वीस दिवस पाणी दिलं. शेजाऱ्याचं वावर हिरवंगार, माझं नुकतंच जावळ काढलेल्या डोक्यासारखं तुळतुळीत!

तडक रिसोड गाठलं. "रऊफभाई, एक कोंब नाही आला!"

"मंग? मैंने पहलेच बोला था ना, काका!"

सगळा बाजार पोट धरून हसला.

शेवटी कांदे उकरून काढले. काही सडले होते, बरेचसे अजून टणक होते. कुमुदनं ते धुऊन फोडणीत टाकले.

"आता कशी खातेस?"

"आता आपल्या वावरातून निंघाले ना!"

खरं सांगतो, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कोणालाही काही झालं नाही. पण बी गेलं ते गेलंच. तीस वर्षं मी व्यापाऱ्यांचं खोटं ओळखत आलो. माझ्यासारख्या मुरलेल्या गिऱ्हाइकाला, आधी कसलीही कल्पना न देता, पहिल्याच वाक्यात धडधडीत खरं सांगून बुडवायचं? रऊफभाईंनी याचा जाब दिलाच पाहिजे!