विदोसावच्या डोक्यावरची शायकाचा

विदोसाव झोपताना तरी टोपी काढतो की नाही, यावर आमच्या गावात दोन तट आहेत. बायकोला विचारलं, तर स्तामेंका म्हणते, "अंधारात कोण बघतंय!"

ही टोपी म्हणजे आमच्याकडची परंपरागत 'शायकाचा'. करड्या लोकरीची, माथ्यावर होडीसारखी घडी असलेली. विदोसावचे आजोबा असली टोपी घालून लढाईवर गेले, बाप नांगरामागे गेला आणि विदोसाव न्हाव्याकडे जातो. न्हावी बिचारा कडेकडेने कात्री फिरवतो. देवळात शिरताना, घराण्याच्या संताची मेणबत्ती पेटताना आणि कुणी गेल्याचं कानावर येताच, अशा तीनच वेळी ती उतरते. तीही निमिषभर.

यंदा व्हिएन्नाहून लेकीचा फोन आला: पुढच्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा. पहिलाच नातू! आणि विदोसावकडे पासपोर्टच नाही. अर्ज आजच्या आज गेला तरच वेळेवर हातात पडणार होता. नवराबायको शहरातल्या कचेरीत धावले.

खिडकीमागची तियाना म्हणाली, "काका, टोपी काढा. कपाळ झाकलंय, फोटोचं यंत्र चेहराच घेत नाही."

विदोसावने भिंतीवरच्या दोन डोक्यांच्या सरकारी गरुडाकडे बोट केलं. "आधी त्याचा मुकुट उतरव."

"त्याला व्हिएन्नाला जायचं नाहीये, काका."

रांग खदखदली. विदोसावचे कान लाल झाले. त्याने टोपी आणखीच खाली ओढली. "माझ्या डोक्यात काय आहे ते सगळ्या तालुक्याला दाखवू?"

"काहीच नाहीये," स्तामेंका म्हणाली, "म्हणून तर पटकन उरकेल."

"पाच मिनिटांत खिडकी बंद होते हं," तियाना म्हणाली.

"होऊ दे. नातवाला मी फोटोतच बघीन." बोलला खरा, पण यंत्रासमोरच्या खुर्चीतून उठला नाही.

स्तामेंकाने ते बरोबर हेरलं. तीन बोटं जुळवून तिने छातीवर क्रूस काढला आणि लांब उसासा टाकला. "अहो, सांगायचं राहूनच गेलं. आपला गिरणीवाला मिलेंतिये गेला हो. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

"मिलेंतिये?" विदोसावचा हात आपसूक वर गेला आणि टोपी छातीशी आली. खाली तांब्यासारखं तोंड, वर सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं कपाळ. तियानाने तेवढ्यात बटण दाबलं.

रांगेत मागे आणखी एकाने टोपी काढली होती. क्रूस काढून, डोळे पुसत तो म्हणाला, "अरे देवा! केव्हा? कसा?"

तो मिलेंतियेच होता. गिरणीवाला.

"आत्ताच," स्तामेंका म्हणाली, "आणि लगेच बराही झाला."

पासपोर्ट शुक्रवारी मिळणार होता. फोटोत मात्र विदोसाव प्रेतयात्रेला निघाल्यासारखा दिसतो. तिघं समोरच्या खानावळीत बसले. आलुबुखाराची कडक दारू, राकिया, आली. मनातलं दुःख अजून पुरतं उतरलं नव्हतं, म्हणून विदोसावने रिवाजाप्रमाणे मेलेल्याच्या नावाने पहिले थेंब जमिनीवर सांडायला पेला कलता केला.

मिलेंतियेने त्याचं मनगट धरलं. "अरे, खाली कशाला सांडतोस? मी समोर बसलोय ना? इथेच ओत!"