मामांची निळी रेघ

माझ्या वहिनीचे मामा या जगात आले तेच मुळी आलेली गोष्ट परत पाठवायला, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत होतं. मामा अनसिंग गावचे. मामींनी एकदा चहात गुळाऐवजी साखर घातली, तेव्हा मामांनी चहा निमूट प्यायला, पण गुळाचा डबा सहा महिने फळीवरून हलू दिला नाही. कुणी काही नवं सुचवलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले : "काय बदललं? काहून बदललं? अन् बिघडलं तं जुनं कुठी हाय?" तिसऱ्या प्रश्नाला माणूस अडखळला की, "वापस घेऊन जाय." वहिनीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, शेलूबाजारच्या वरातीला झणझणीत लागतं म्हणून आचाऱ्याने ऐनवेळी वरणात जास्तीचं तिखट घालायचं ठरवलं. मामांनी अडवलं; तो ऐकेना. तेव्हा मामांनी आधीच्या वरणाचा एक मोठा गंज भरून बाजूला झाकून ठेवला. मांडवभर हशा पिकला. पहिली पंगत डोळे पुसत उठली आणि दुसरी त्या गंजावर निभावली. मामा वाढताना 'मी सांगत होतो' असं एकदाही म्हणाले नाहीत. हा त्यांचा सगळ्यात त्रासदायक गुण.

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली. एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरात एका खासगी कचेरीने कॉम्प्युटर आणला होता आणि परीक्षांचे निकाल तयार करायचं काम ती घेत असे. मी रिठदचा, नुकताच बी. एस्सी. झालेला, मामांच्या शब्दावर तिथे चिकटलो. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या जाड कार्डांचा गठ्ठा, एका कार्डावर एक ओळ. आम्ही तिघं तीन भाग लिहायचो. मामा ते जोडायचे, एकत्र चालवून बघायचे आणि पटलं तरच कपाटात ठेवायचे. हे गठ्ठे सांभाळायचे म्हणून त्यांचा हुद्दा 'लायब्ररियन', त्यामुळे अनसिंगची मंडळी त्यांच्याकडे कादंबऱ्या मागत. जोडलेल्या गठ्ठ्याच्या माथ्यावर मामा निळ्या पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढत. प्रत्येक कार्डाच्या वाट्याला तिचा एक ठिपका यायचा. एखादं कार्ड जागचं हललं किंवा परकं घुसलं की रेघ तुटायची. सुतार फळीची धार बघतो तसे मामा एक डोळा मिटून ती रेघ बघत. ती बघून झाल्याशिवाय कुणाचंही काम पुढे सरकत नसे.

माझा बदल त्यांनी तीनदा परत केला. प्रात्यक्षिकाचे गुण मी कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या एका रिकाम्या जागी ठेवले होते, त्यामुळे माझा भाग चांगलाच जलद झाला होता आणि ते मी साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसलो होतो.

"मामा, चालून राह्यला ना माझा भाग! मी सोता पाहिलं."

"एकटा तं बैलही चालते. जुंपून पाह्य. थे जागा रिकामी न्हाई, तिथं तिसऱ्या भागाचं काम चालते. वापस घेऊन जाय."

तिसऱ्या खेपेला हे सगळ्या कचेरीसमोर झालं. माझं डोकं फिरलं. दुपारच्या सुट्टीत मामा डबा खायला गेले, आणि माझ्यावर भरवसा म्हणून किल्ली टेबलावरच राहिली. मी कपाट उघडून गठ्ठ्यातली जुनी चार कार्डं काढली, माझी चार घातली, आणि (लिहितानाही कान तापतात) मामांच्याच निळ्या पेन्सिलीने माझ्या कार्डांवर चार ठिपके दिले. रेघ जुळली.

निकाल लागला. शेलूबाजारकडच्या एका केंद्रावरची सगळीच्या सगळी मुलं नापास! तिथले प्रात्यक्षिकाचे गुण तिसऱ्या भागाने त्या जागेवरून पुसून टाकले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिकडचा एक मजूर बाप कचेरीत आला.

"जयभीम साहेब. पोरगी दोन दिवसांपासून जेवून नाही राह्यली. पेपर चांगले गेले म्हन्ते. आमच्या घरात मॅट्रिकले बसनारी थे पयलीच. वसतिगृहाचा फारम शनिवारपर्यंतच हाय."

मामांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कपाटातून गठ्ठा काढला आणि एक डोळा मिटून बघत राहिले. फार वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दौतीचं झाकण लावत होतो. ते आधीच लावलेलं होतं. मामांनी खालच्या कप्प्यातली जुनी प्रत काढली, तिच्यावर तो निकाल पुन्हा चालवला आणि दुपारी त्या बापाच्या हातात शिक्क्याचा कागद ठेवला. पोरगी पहिल्या वर्गात पास होती. दोन दिवसांत केंद्राचा सगळा निकाल सुधारून गेला.

साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, हे कुणी केलं? मामा म्हणाले, "गठ्ठा माह्या ताब्यात होता साहेब. रेघ नीट पाहाची राह्यली." उभ्या आयुष्यात रेघ पाहायला कधी न चुकलेला माणूस हे बोलला, आणि मी ऐकून घेतलं. मामांना पार्सलं बांधायला बसवलं. चार महिन्यांनी ते नोकरी सोडून अनसिंगला गेले. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.

वर्षभराने मी साहेबांच्या नावे सगळं कबूल करणारं पत्र लिहिलं आणि ते आधी मामांना दाखवायला अनसिंगला गेलो. मामींनी गुळाचा चहा दिला. मामांनी पत्र सावकाश वाचलं.

"मले ठाऊक होतं. तुहा ठिपका जाड पडते, बापू."

"मग त्या दिवशी बोलले काहून नाही, मामा?"

"तू बोलशीन म्हनून थांबलो होतो."

मामांनी पत्राची घडी केली. "काय बदललं, थे लिहिलं. काहून बदललं, थेही लिहिलं," ते म्हणाले. तिसरा प्रश्न, 'जुनं कुठी हाय?', त्यांनी विचारलाच नाही. पत्र माझ्या खिशात ठेवून नुसतं म्हणाले, "चहा निवून राह्यला."

मामा आता नाहीत. पत्र मी परत घेऊन आलो, आणि सांगायला लाज वाटते, साहेबांना कधी दिलंच नाही. कधीतरी ते काढून वाचतो, आणि वाटतं, त्या दिवशी मामांनी तेवढा तिसरा प्रश्न विचारला असता तर फार बरं झालं असतं.