होळीला घरी असलेली मुलं

"मॅडम, तलासरीतली जवळजवळ अर्धी मुलं बोगस आहेत," साहेब म्हणाले आणि माझाच रिपोर्ट त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

बोगस हा शब्द मला झोंबला. मी डहाणू-तलासरी भागात मुलांच्या आरोग्य विम्याचं काम बघते. योजना सरळ आहे. पाड्यावरच्या प्रत्येक मुलाचा वर्षाचा हप्ता, म्हणजे प्रीमियम, सरकार भरतं. मूल आजारी पडलं की कार्डावर मोठ्या हॉस्पिटलात उपचार होतात. पण हा निधी दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला आम्ही रिन्युअल म्हणतो. त्याआधी यादीतली मुलं खरंच आहेत ना, हे घरोघर जाऊन बघायचं. यादीतली बरीच मुलं सापडली नाहीत, तर सगळ्या तालुक्याचा निधी थांबतो.

जानेवारीत आमची टीम पूर्वेकडच्या पाड्यांवर फिरली होती. घराला कुलूप दिसलं की 'आढळले नाही' या रकान्यात टिक. तो रकाना मीच बनवला होता आणि खाली सहीही माझीच होती.

"मार्चअखेर दुरुस्त रिपोर्ट आला तर ठीक," साहेब म्हणाले. "नाहीतर या वर्षी तलासरी बाहेर."

मला आधी सरिता आठवली. सहा वर्षांची, हृदयाला छिद्र, दहा पावलं चालली की खाली बसायची. मुंबईच्या हॉस्पिटलने ऑपरेशनला एप्रिलमधली तारीख दिली होती. ती तपासणीत सापडली होती, कारण तिच्यामुळे आईबाप त्या वर्षी कामाला बाहेर गेलेच नव्हते. पण निधी थांबला की सगळ्यांचीच कार्डं बंद. मी खरंच घाबरले.

दुसऱ्या दिवशी मंदाताईंना गाठलं. त्या तिथल्या आशा, म्हणजे पाड्यावरच्या आरोग्य कार्यकर्त्या.

"मॅडम, जानेवारीत कुठलं पोर घरी भेटेल?" त्या म्हणाल्या. "भात निघाला का आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरांना घेऊनच."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंच नाय. गाडीतून उतरलात, कुलपं बघितलीत, गेलात."

मी वही उघडली.

"परत येतात कधी?"

"होळीला. किती पन लांब असू दे, होळीला मानूस घरी येतोच. दोन-चार दिवस राहतात, मग परत भट्टीवर."

मी साहेबांना फोन लावला.

"होळीला सुट्टी असते, मॅडम."

"हो सर. म्हणूनच जायचंय."

ते म्हणाले, "प्रवासाचा टीए मिळणार नाही." परवानगी द्यायची ही त्यांची पद्धत आहे.

होळीच्या दिवशी सकाळीच मंदाताई आणि मी निघालो. पहिल्याच पाड्याच्या तोंडाशी मुलांनी दोर आडवा धरून आमची जीप अडवली. इकडे होळीला येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पोस्त मागतात, म्हणजे खुशीची चिल्लर.

मी दार उघडून म्हटलं, "पोस्त मिळेल. पण आधी नाव, बापाचं नाव आणि विम्याचं कार्ड."

मुलांनी घरांकडे धूम ठोकली आणि कार्डं घेऊन परतली. पाठोपाठ आयाही आल्या. ज्या पाड्यावर जानेवारीत नुसती कुलपं होती, तिथली यादी जेवणाच्या आधी पूर्ण झाली. बातमी आमच्या पुढे धावली असावी, कारण पुढच्या पाड्यावर मुलं कार्डं हातात घेऊनच दोर धरून उभी होती. मला हसू आवरेना. माझी चिल्लर संपली, तेव्हा मंदाताईंनी आपला बटवा सोडला. असे आम्ही चार दिवस फिरलो. थोडी नावं खरोखरच चुकीची निघाली, तीही लिहिली.

साहेबांनी नवा रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. "आता ही मुलं आली कुठून?"

"घरी आली, सर."

त्यांनी सही केली आणि प्रस्ताव त्याच दिवशी वर पाठवला. मंजुरी वेळेत आली.

एप्रिलच्या शेवटी मुंबईहून सरिताच्या बापाचा, लक्ष्मणभाऊंचा फोन आला. "मॅडम, पोरगी वॉर्डात धावते. नर्सबाई वरडतात तिला."

मी ऑफिसातच रडले. कोणापासून लपवलंही नाही.

मुलं मोजायची तर ती घरी असतील तेव्हा जावं. एवढं कळायला मला नोकरीची अकरा वर्षं लागली.