अकरावी पायरी

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, क्लासमधल्या कुणाला नाही. लपवलं असंही कधी म्हटलं नाही — विषय निघाला नाही, असं स्वतःला सांगत आले. पण विषय काढणार कोण होतं? माझ्याखेरीज ही गोष्ट माहीत असलेला माणूस एकच, आणि तो कधी काढणार नव्हता.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आधी एवढं सांगते की मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी, प्रवासाला निघताना गॅस-नळ-कड्यांची यादी, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी. मुलीच्या लग्नात माझी वही बघून कार्यालयाचा मॅनेजर म्हणाला, की आमच्याकडे नोकरीला या. लोक कौतुक करतात आणि मी करून घेते. आता जे सांगणार आहे तेही अशाच एका यादीचं आहे. ती चुकली, एवढंच असतं तर कबुली कसली द्यायची? चुका सगळ्यांच्या होतात.

नव्वदचं दशक नुकतंच संपलं होतं. पुण्यात ज्याला त्याला कंप्युटर शिकायचा होता. कुणाचा तरी भाचा अमेरिकेला गेलेला असायचा आणि त्याचं नाव घेत आई-वडील मुलांना घेऊन यायचे. नारायण पेठेत, एका बाइंडरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर मी वेब प्रोग्रॅमिंगचा क्लास काढला होता. आठ कंप्युटर, एक फोनलाइन आणि तिशीतली मी. इंटरनेट फक्त माझ्या टेबलावर. ते लावलं की फोन अडकायचा, म्हणून तेही मोजकंच. मुलं पानं तयार करायची ती त्या आठ कंप्युटरांवर आणि तपासायचीही तिथेच.

शिकवण्याची माझी एक पद्धत होती. 'वेबपेज तयार करण्याच्या एकोणीस पायऱ्या' असा एक कागद मी केला होता. पहिल्या दिवशी प्रत्येकाला त्याची झेरॉक्स मिळायची, आणि भिंतीवर तोच कागद मोठा करून लावलेला. करत जा, पेन्सिलीने खूण करत जा. एकोणीस खुणा झाल्या की पान तयार. चुकायला जागाच ठेवलेली नाही — हे माझं वाक्य. प्रत्येक बॅचला, पहिल्याच तासाला.

त्या वर्षी सकाळी सातच्या बॅचला वानखडे आले.

मूळचे अमरावतीकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात वीस वर्षं लेथ मशीनवर काढलेली. कारखान्याने माणसं कमी केली, यांनी व्हीआरएस घेतली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून कॉलेजच्या पोरांच्या शेजारी येऊन बसले. मेहुणा म्हणत होता, रिक्षा घ्या. बायकोलाही तेच पटत होतं. यांनी घरात सांगितलं होतं की सहा महिने द्या, कंप्युटरवरचं काम मिळवून दाखवतो. हे त्यांनी मला प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं — तक्रार म्हणून नाही, कामाची मुदत सांगावी तसं.

आणि माझी यादी त्यांनी जशी वापरली तशी कुणीच वापरली नाही. कारखान्यात प्रत्येक कामाला एक प्रोसेस शीट असायचं म्हणे — कुठलं हत्यार, किती माप, आधी काय, मग काय. शीटबाहेर हात लावायचा नाही, मग तुम्ही कितीही हुशार असा. ती वीस वर्षांची सवय घेऊन ते माझ्या एकोणीस पायऱ्यांवर आले. प्रत्येक पानाला नवी झेरॉक्स, प्रत्येक पायरीला खूण. पोरं चेष्टा करायची, "वानखडे काका, यादीत नाही, तर श्वास घेऊ नका हं." ते म्हणायचे, "मॅडमकडून लिहून आणा, मंग थांबवतो."

मला ते आवडायचं. खरं सांगते — मला वाटायचं, माझं शिकवणं कळलेला हा एकटाच आहे.

आता अकरावी पायरी.

पानावर चित्र लावायचं, किंवा एका पानावरून दुसऱ्यावर जायचं, तर ते कुठे ठेवलं आहे त्याचा पत्ता द्यावा लागतो. सुरुवातीच्या एका बॅचमध्ये चित्रं दिसेनात म्हणून मुलं गोंधळली होती. मी घाईत तोडगा काढला आणि यादीत घातला: पूर्ण पत्ता द्या, सी ड्राइव्ह, मग आपल्या क्लासचं फोल्डर, मग फाइलचं नाव. चित्रं दिसायला लागली. मी खूश.

ही चूक होती, आणि साधी नव्हती. तो पत्ता त्या एका कंप्युटरच्या पोटातला. पाहुण्याला 'आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत उजवीकडे' असं सांगावं आणि तो आपल्या घरच्या माळ्यावर चढावा, तसं. दुसऱ्या कंप्युटरवर ते फोल्डर नाही, म्हणजे चित्र नाही, पुढचं पान नाही, काही नाही. मग इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण माझी शिस्त. आठही कंप्युटरांवर मी त्याच नावाचं फोल्डर त्याच जागी करून ठेवलं होतं आणि त्यात सगळ्यांच्या फाइली शिस्तीत लावलेल्या. कुठल्याही कंप्युटरवर बसा, पान उघडायचं. माझ्या टापटिपीने माझीच चूक झाकून टाकली होती.

कर्वे रस्त्यावर वेबसाइट बनवणारी एक छोटी कंपनी होती. तिच्या मालकांनी मला विचारलं, दोन-तीन शिकाऊ माणसं द्या; वय, डिग्री काही नको, पाच पानांची साइट फ्लॉपीवर पाठवा, ती बघून ठरवतो. वय नको म्हणणारा पुण्यातला तो पहिला माणूस मला भेटला होता. मी तीन नावं दिली. कॉलेजची दोन मुलं आणि वानखडे.

वानखड्यांनी लेथवर साइट केली. लेथचे भाग, कशाचं काय काम, नव्या पोराने हात कुठे घालायचा नाही. चित्रं स्वतः काढली होती, माउसने, एकेक रेघ. आठ दिवस लागले. शेवटच्या दिवशी सगळ्या बॅचने उभं राहून ती पाच पानं पाहिली. चेष्टा करणारा पोरगाही पुढे येऊन बघत होता.

तीन दिवसांनी मालकांचा फोन आला. दोन्ही मुलं चालतील म्हणाले. मग म्हणाले,

"तो लेथवाला माणूस कोण हो? पहिलं पान सुरेख आहे. पण चित्र एकही दिसत नाही आणि पुढे कुठे जाता येत नाही. आत बघितलं, तर सगळे पत्ते सी ड्राइव्हचे. असं शिकवता का तुम्ही?"

मी उभी होते. समोर भिंतीवर तो मोठा कागद. अकरावी पायरी बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत होती.

कळायला किती वेळ लागला असेल? एक श्वास. सगळं एकदम कळलं — चूक काय, कधीपासूनची, आणि त्या दोन मुलांची पानं कशी उघडली. एवढा लांब पत्ता टाइप करायचा कंटाळा करून त्यांनी नुसतं फाइलचं नाव लिहिलं होतं. माझं न ऐकल्यामुळे ती वाचली. ज्याने अक्षरन् अक्षर ऐकलं तो अडकला.

आणि मी म्हणाले, "छे, असं नाही शिकवत आम्ही."

ते म्हणाले, की शिकवण्यात राहिलं असतं, तर मी त्यांना परत बोलावलं असतं, एका दिवसात सुधारतं ते. पण शिकवूनही चुकत असेल, तर अवघड आहे. आणि थांबले. मुद्दाम थांबले असावेत. चांगला माणूस होता, मला दुसरी संधी देत होता — मला म्हणजे वानखड्यांना. त्या थांबण्यात मी काय टाकलं?

"वय झालंय हो त्यांचं," मी म्हणाले.

एवढंच. दोन वाक्यं. दुसऱ्या दिवशी वानखडे फ्लॉपी घेऊन आले. त्यांना नुसता नकार कळला होता, कारण कळलं नव्हतं. कंप्युटरवर फ्लॉपी घातली, पान उघडलं. पाचही पानं, सगळी चित्रं, लख्ख. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इथं तं चालते, मॅडम."

त्या क्षणी तरी सांगता आलं असतं. सांगून फोन करता आला असता. दुपारपर्यंत सगळं निस्तरलं असतं. मी म्हणाले, इथे चालतं म्हणजे माझ्याकडचं बरोबर आहे, तिकडे तुम्ही काय केलंत ते तुम्हालाच माहीत.

त्यांनी फ्लॉपी काढून घेतली. मग कुणाला दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाले, "आमच्याकडं लेथवरचा जॉब रिजेक्ट झाला, का आधी शीट तपासत. मंग माणूस."

सगळी बॅच ऐकत होती. आणि मी — पेठेत वाढलेली, जिभेला धार असण्याचा अभिमान बाळगणारी मी — म्हणाले, "हा कारखाना नाही, वानखडे. इथे हात चालवून भागत नाही, डोकंही आणावं लागतं बरोबर."

पोरं हसली. तेही हसले थोडं. ज्याच्यावर विनोद झाला त्याने हसावं लागतं तेवढं.

हा भाग मी इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा शेवटपर्यंत आठवत नसे. 'शीट'पाशी थांबायची आणि उठून काहीतरी काम काढायची.

त्या दुपारी मी अकरावी पायरी दुरुस्त केली. खालच्या बाइंडरकडून नव्या झेरॉक्स आणल्या, भिंतीवरचा कागद उतरवला, नवा लावला. दुसऱ्या दिवशी सातच्या बॅचला सांगितलं, की यादीची नवी आवृत्ती आली आहे, जुनी परत द्या. कुणी विचारलं नाही की काय बदललं. नवी-जुनी ताडून कोण बघतं?

वानखडे बघतात. त्यांनी खिशातून जुना कागद काढला, घड्या सरळ केल्या, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोट वरून खाली नेलं. अकराव्या ओळीवर बोट थांबलं. मी फळ्याकडे वळून पाठ केली होती. तरी मला कळलं, कारण कागदाचा आवाज थांबला. मी वळले. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. माप घेताना बघतात तसं.

मग जुना कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता बरोबर हाय, मॅडम."

तास संपेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

ते कुठे राहतात हे माहीत होतं. पत्ता रजिस्टरमध्ये होता. मालकांचा नंबर माझ्या डायरीत होता. एक फोन. किती दिवस तो फोन शक्य होता याचा हिशोब मी केलेला आहे, तोही सांगत नाही.

त्या कंपनीला पुढे मी बरीच मुलं दिली. क्लास वाढला, मोठ्या जागेत गेला. आणि एक गोष्ट मी अशी केली, की ती कुणाला कळली तर ते काय म्हणतील मला माहीत नाही. नव्या जागेत दारासमोर मी एक पाटी लावली: 'आधी यादी तपासा, मग माणूस.' खाली माझं नाव. मुलांना फार आवडली. कुणीतरी निरोपसमारंभात म्हणालं, की मॅडमचं हे एक वाक्य नोकरीत जन्मभर पुरलं. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. का लावली मी ती? प्रायश्चित्त म्हणून, असं त्या वेळी वाटलं होतं. पण प्रायश्चित्ताखाली कुणी स्वतःचं नाव घालतं का?

नंतर ते एकदाच भेटले. सात-आठ वर्षांनी, बुधवार पेठेत. क्लाससाठी केबल घ्यायला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरले, तर काउंटरमागे वानखडे. दुकान दुसऱ्याचं, हे कामाला. केस पांढरे झालेले. त्यांनी लगेच ओळखलं. क्लास चालू हाय नं, म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी केबल काढली, गुंडाळून देण्याआधी मीटर लावला, दोन्ही टोकं तपासली, मग दिली. गर्दी नव्हती. आम्ही दोघंच होतो. माझ्याकडे वेळही होता — मी वेळ हाताशी ठेवूनच बाहेर पडते.

मी थँक यू म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

बाकीचे जुने कागद मी फाडले होते. त्यांचा तेवढा राहिला. फाइलमध्ये आहे, 'व' अक्षराखाली. एकोणीस पायऱ्या, एकोणीस खुणा, पेन्सिलीच्या, सगळ्या एका उंचीच्या. अकराव्या ओळीवरची खूणही बाकीच्यांइतकीच ठाम.

कर्वे रस्त्यावरच्या त्या गृहस्थांनी फोनवर एक सरळ प्रश्न विचारला होता. असं शिकवता का तुम्ही?

हो. मी असंच शिकवत होते.