मिसिसिपीला मुलगी द्यायची का?

अमेरिकेत आलेला मराठी माणूस दोन गोष्टी कधी टाकून देत नाही. एक, दह्याचे रिकामे डबे. दोन, दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मित्रांचे किस्से. डबे निदान दिवाळीच्या साफसफाईत थोडे कमी होतात, किस्से नाही होत. ते साठतच जातात. मग कुठल्याही पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणीतरी म्हणतं, "अगं, तो मिसिसिपीवाला सांग ना," आणि मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शेवटचा तेवढा सांगून टाकला तर त्यात काही राम नाही.

तर आम्ही चौघं. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला एकत्र शिकलो, एकत्र कुडकुडलो. पराग बर्वे मुंबईचा, कॉम्प्युटरवाला. सुजाता मेश्राम आणि मिलिंद, दोघंही नागपूरच्या कॉलेजातून आलेले. मी मंजिरी, पुण्याची, त्यामुळे कायम बरोबर असायची जबाबदारी माझ्यावर. मिलिंद आणि सुजाताचं जमलंय हे आम्हाला, घरमालकाला, अगदी बसच्या ड्रायव्हरलासुद्धा कळलेलं होतं. त्या दोघांना सगळ्यात शेवटी कळलं.

२००१ साली आमची डिग्री झाली आणि नेमक्या नोकऱ्या आटल्या. जिथे मिळेल तिथे जायचं, अशी वेळ. पराग पार पश्चिम किनाऱ्यावर क्युपर्टिनोला लागला. मी लग्न करून न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आले, तिथेच एका लॅबमध्ये चिकटले. सुजाताची पीएचडी चालूच होती, ती मिशिगनमध्येच राहिली. मिलिंदला मिळाली मिसिसिपीतल्या एका छोट्या युनिव्हर्सिटीत शिकवायची नोकरी.

आता मिसिसिपी म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यात गरीब राज्य, हे सगळ्या जगाला माहीत. परागने विचारलं, "अरे, नोकरी लागली की शिक्षा झाली? ही तर गडचिरोलीला बदली."

मिलिंद शांतपणे म्हणाला, "माझे बाबा गडचिरोलीलाच मास्तर होते. मजेत होतो आम्ही."

पराग त्या दिवशी बराच वेळ भांडी घासत होता. त्याची पाळी नसताना.

*

पुढे दर शनिवारी आमचा कॉन्फरन्स कॉल असायचा, आणि विषय एकच. कोणाचं राज्य भारी? पराग पगार सांगायचा, मी शाळा सांगायचे, सुजाता बर्फ सांगायची. मिलिंद आपला मागे कुठेतरी पक्षी ओरडतायत ते ऐकवायचा.

२००३ च्या सुमाराला मी एका कॉन्फरन्ससाठी क्युपर्टिनोला गेले होते. ॲन आर्बरची एक सवय सांगायला हवी. तिथे ऑगस्ट संपताना विद्यार्थी घरं बदलतात आणि नको ते फर्निचर रस्त्याच्या कडेला ठेवून देतात. ज्याला हवं त्याने न्यावं. आमचं आख्खं घर असं रस्त्यावरून आलेलं. ती सवय अंगात इतकी मुरलेली, की पराग नवीकोरी गाडी चालवताना एका घरासमोर कचकन थांबला. ड्राइव्हवेवर लेदरचा सोफा.

"मंजू, उचल."

गाडीत मावणार नव्हता. त्याचं अपार्टमेंट पुढच्याच गल्लीत, म्हणून हातानेच न्यायचं ठरलं. चार पावलं गेलो असू, तेवढ्यात घरातून एक बाई धावत आल्या आणि इंग्रजीत ओरडल्या, की तिकडे कुठे चाललात, आत न्या! त्यांचं सामान आजच आलेलं. त्या आम्हाला मूव्हर्स, म्हणजे सामान हलवणारे हमाल, समजल्या.

आता चोर म्हणवून घेण्यापेक्षा हमाल बरं. आम्ही सोफा आत नेला. आधी भिंतीला लावला. बाईंना आवडला नाही, मग खिडकीशी नेला. जाताना त्यांनी आम्हाला टिप दिली आणि परागने ती घेतली, हे मी आजही त्याच्या बायकोला सांगते.

पण सोफा ठेवताना मी बोलून गेले होते, "पराग, माझ्या पायावर नको रे." बाई थबकल्या. "अय्या, मराठी? आडनाव काय?" पराग म्हणाला बर्वे. काकूंचा चेहरा असा फुलला! बर्वे म्हणजे कुठले बर्वे, कोकणातले का, आमच्या मावसबहिणीकडचे तर नाही, असं करत चहा झाला, चकल्या झाल्या, डबा भरून दिला. आम्ही सोफा का उचलत होतो हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

*

न्यू जर्सीचं म्हणाल, तर तिथे गाडीत पेट्रोल आपण भरायचं नसतं. तसा कायदाच आहे. पंपावर माणूस येतो, भरतो, आपण काच खाली करून कार्ड द्यायचं. मी ड्रायव्हिंग न्यू जर्सीतच शिकले, त्यामुळे मला वाटायचं सगळी अमेरिका अशीच.

मिलिंदकडे पहिल्यांदा गेले तेव्हा जॅक्सनच्या एअरपोर्टवरून भाड्याची गाडी घेतली. वाटेत पंपावर थांबले. काच खाली केली, कार्ड बाहेर धरलं आणि बसले. कोणी येईना. म्हटलं गरीब राज्य आहे, माणसं कमी असतील. हात दुखायला लागला तसा एक म्हातारा गोरा गृहस्थ आपल्या ट्रकमधून उतरून जवळ आला. बरं वाटत नाही का, म्हणून विचारलंन. मी म्हटलं, "फिल इट अप, रेग्युलर." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, टाकी भरली, काचसुद्धा पुसली. मी टिप पुढे केली, ती तेवढी घेतली नाही.

संध्याकाळी मिलिंदच्या डिपार्टमेंटचं जेवण होतं. मिलिंदने ओळख करून दिली, हे आमचे हेड. तोच म्हातारा! मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, "मिलिंद सांगत होता न्यू जर्सी फार श्रीमंत आहे म्हणून. पण पेट्रोल भरायलासुद्धा माणूस ठेवत असाल, असं नव्हतं वाटलं."

पुढचे सहा महिने शनिवारच्या कॉलवर सगळे मला 'राणीसरकार' म्हणत होते.

*

एवढं सगळं हसण्यावारी चाललेलं, आणि २००६ मध्ये प्रकरण गंभीर झालं. सुजाताने घरी सांगितलं, मिलिंदशी लग्न करायचंय. मिलिंद त्यांच्यातलाच, बौद्ध, प्राध्यापक, निर्व्यसनी. वाटलं होतं, मेश्राम काका पेढे वाटतील. तर काकांनी फोनवर विचारलं, "मुलगा राहते कुठे?" आणि मिसिसिपी ऐकल्यावर पेढे तिथेच राहिले.

काका नागपूरला बँकेतून रिटायर झालेले. खेड्यातून एकटे आलेले, आधी शिपाई म्हणून लागले, मग परीक्षा देत देत ऑफिसर झाले. ते सुजाताला म्हणाले, "मी गरिबी मागं टाकाले चाळीस वर्षं घालवले बाई. तू विमानात बसून तिकडंच चालली?"

सुजाता हट्टी आहे, पण वडिलांचं मन मोडून लग्न करणाऱ्यातली नाही. तिने कॉलवर स्पष्ट सांगितलं, बाबा नाही म्हणाले तर नाही. त्या दिवशी मिलिंदकडचे पक्षीसुद्धा ओरडले नाहीत.

शेवटी काकांनीच मार्ग काढला. येतो, मंजिरीचं, परागचं, मिलिंदचं, तिन्ही राज्यं डोळ्याने बघतो, आणि मग सांगतो.

*

पहिला मुक्काम आमच्याकडे. आमचं टाउनहाऊस बघून काका खूश झाले. मग त्यांनी विचारलं, की शेखर, म्हणजे माझा नवरा, रोज बायकोला स्टेशनवर सोडायला का लावतो? मी सांगितलं, स्टेशनच्या पार्किंगचा परमिट मिळायला काही वर्षांचं वेटिंग आहे. काकांनी मला हे दोनदा सांगायला लावलं.

"आमच्याकडे रॉकेलसाठी रांग असे," ते म्हणाले. "गाडी उभी कराले रांग असते, हे इथंच पाहिलं."

त्यांच्यासाठी मी पॉटलक ठेवलं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी वाढून घेता घेता विचारलं, "आपण मेश्राम म्हणजे...?" काका म्हणाले, नागपूरचे. काकूंनी आणखी जरा वेळ वाट पाहिली आणि मग त्यांना एकदम लोणचं हवं झालं. लोणचं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतं. त्या तिकडेच बसल्या. मला इतका संताप आला की मी त्यांना शेवटपर्यंत श्रीखंड विचारलं नाही.

*

मग क्युपर्टिनो. परागने तोवर घर घेतलेलं. आम्ही पहिल्यांदा बघायला गेलो होतो तेव्हा तो म्हणाला होता, चला घर दाखवतो, आणि आम्ही बूट काढेपर्यंत म्हणाला, झालं दाखवून.

काकांनी सगळ्या भिंती बोटांनी वाजवून पाहिल्या. डबडब, डबडब. "लाकूड?" हो. "वर मजला?" नाही. "बांधलं कधी?" पन्नास वर्षांपूर्वी. मग काकांनी किंमत विचारली. परागने छाती फुगवून सांगितली. बँकेतला माणूस, त्यांनी मनात रुपये केले असावेत, कारण ते तिथेच खुर्चीत बसले. मग त्यांनी परागच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "पोलिसात तक्रार केली का?"

दुसऱ्या दिवशी परागने हौसेने सोफावाल्या काकूंना चहाला बोलावलं. काकू आल्या, चहा पुढ्यात आला, आणि त्यांनी काकांना आडनाव विचारलं. काकांनी सांगितलं. काकू "अच्छा" म्हणाल्या, मग त्यांना आठवलं की त्यांचे मिस्टर किल्ली विसरून बाहेर गेलेत, आणि त्या गेल्या. काका फक्त एवढंच म्हणाले, "चहा निवला त्यांचा." परागने मला रात्री फोन करून हे सांगितलं. म्हणाला, मंजू, मला तो सोफा परत चोरावासा वाटतोय.

*

राहिलं मिसिसिपी. रविवारी संध्याकाळी काका कॉलवर येऊन निकाल सांगणार होते. आदल्या दिवशी आम्ही मिलिंदला सल्ले देऊन भंडावलं. गावात फिरवू नकोस. मोडकी घरं दाखवू नकोस. मॉलमध्ये ने आणि तिथेच ठेव. मिलिंद म्हणाला, मॉल कुठला, इंडियन स्टोअर दोन तासांवर आहे.

रविवारी पहाटे काका झोपलेले बघून तो त्याच स्टोअरला गेला, काकांना तूरडाळ हवी म्हणून. दुपारी परत येतो तर घर उघडं आणि काका गायब. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. मिलिंदने गाव पालथं घातलं. त्याने सुजाताला फोन केला, सुजाताने रडत मला केला, मी परागला. शेखर म्हणाला, लग्न राहू दे, आता फक्त काका मिळू देत.

काका निघाले होते नागपूरला रोज जातात तसे चालायला. त्या गावात पायी कोणी चालत नाही. चालणारा माणूस दिसला म्हणजे त्याची गाडी बंद पडली असणार, अशी त्यांची समजूत. त्यामुळे प्रत्येक गाडी काकांपाशी थांबली. शेवटी एक काळे वृद्ध गृहस्थ ऐकेनातच. रिटायर्ड शाळामास्तर, सुटाबुटात चर्चला निघालेले. त्यांनी काकांना गाडीत घातलं.

काकांसाठी थांबलेल्या एका गाडीवाल्याने पत्ता सांगितला, म्हणून मिलिंद चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पोचला तेव्हा काका लांब टेबलावर मास्तरांच्या शेजारी बसले होते, कोणाचा तरी नातू मांडीवर, आणि तळलेल्या भेंडीची तिसरी प्लेट संपवत होते. काकांनी त्यालाच बसायला जागा करून दिली.

संध्याकाळी कॉलवर आम्ही सगळे. सुजाता मिशिगनमधून. काकांनी घसा साफ केला.

"गरीब आहे, बाप्पा. यात वाद नाही. रस्ते पाहिले, शाळा पाहिली, घरं पाहिली. अर्धं गाव आपल्या तालुक्यासारखं आहे."

सुजाताचा एक हुंदका ऐकू आला.

"इथंही त्यांनी विचारलंच," काका पुढे म्हणाले. "बसल्या बसल्या पहिला प्रश्न, तुम्ही कोणत्या चर्चचे? मी म्हटलं, कोणत्याच नाही, मी बौद्ध. मनात म्हटलं, आता यांनाही लोणचं आठवते. तर मास्तर म्हणाले, मग आज आमच्यात जेवा."

माझ्या बाजूने शेखरने फोनचा आवाज वाढवला.

"प्रश्न सगळीकडं तोच असते बाई. इथं त्याच्यामागून ताट येते. तारीख काढ तू."

मग फोन मिलिंदकडे देता देता काका त्याला म्हणाले, "आणि त्या भेंडीले बेसन नसते, मक्याचं पीठ असते. तू शिकून घे."